बंपर लागलं तरी महिन्याचं काय?

एक कोटीची लॉटरी लागली तर काय कराल, असं ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणमधल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना विचारलं की आधी सगळे हसतात. हसणं ओसरलं की जी उत्तरं येतात ती मात्र ऐकण्यासारखी असतात. तबलजीला शेजारच्यांची तक्रार न येता वाजवता येईल अशी एक खोली हवी असते. पेटीवाल्याला चांगल्या सुरांची स्केल चेंजर पेटी हवी असते. गायिकेला निम्म्या शिकवण्या बंद करून तो वेळ स्वतःच्या रियाजाला द्यायचा असतो. ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याला वाद्याचे हप्ते एकदाचे फेडून टाकायचे असतात. गाडी, बंगला, परदेशवारी हेही येतं, पण मागाहून.

कोणी मोठा कलावंत होण्यासाठी पैसे मागत नाही. आहे ती कला सांभाळायला जागा, वेळ आणि वाद्य मिळावं, एवढंच मागणं असतं. मुंबईच्या उंबरठ्यावरच्या या पट्ट्यात संगीताला श्रोते आहेत, विद्यार्थी आहेत, महोत्सव आहेत. ठाण्यात गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर अशी मोठी नाट्यगृहंही आहेत. नाही तो महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा. इथला संगीतव्यवहार एकरकमी पैशावर चालतो. अशा पैशातून कार्यक्रम उभा राहतो, कलावंत उभा राहत नाही.

त्या कोटीचाच हिशेब मांडून पाहू. लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर, त्यावर अधिभार आणि उपकर. हाती साधारण ६५ लाख पडतात. त्यांत डोंबिवलीत एक बरा फ्लॅट येईल आणि गाणं पुन्हा पहिल्यासारखंच शिकवण्यांवर चालेल. हीच रक्कम कोणी बँकेत मुदत ठेवीत टाकली तर साडेसहा टक्क्यांनी महिन्याला पस्तीस हजार रुपये येत राहतील. पुढचा महिना ठरलेला असला की नको ते कार्यक्रम नाकारता येतात आणि हवा तो राग महिनाभर घोटता येतो. कोटीच्या स्वप्नामागे दडलेलं खरं स्वप्न या पस्तीस हजारांचं आहे.

शास्त्रीय संगीत हा या भागाचा अभिमानाचा विषय. कल्याण गायन समाज ही शंभरीच्या घरातली संस्था. भास्करबुवा बखले यांची ‘देवगंधर्व’ ही पदवी नावात मिरवणारा तिचा महोत्सव नामवंतांना कल्याणात आणतो. ठाण्यात महापालिका पं. राम मराठे यांच्या स्मृतीचा संगीत समारोह भरवते. राम मराठे (१९२४–१९८९) ठाण्यात राहत. प्रभातच्या चित्रपटांतून बालनट म्हणून लोकांसमोर आले आणि पुढे मैफल व संगीत नाटक अशा दोन्ही ठिकाणी रमले. १९६३ च्या ‘मंदारमाला’ला त्यांनी संगीत दिलं आणि त्यात कामही केलं. त्या पिढीला मैफलीच्या बिदागीचा भरवसा नसला तरी चालत्या नाटकाची नाइट हा आधार होता. ज्यांना नाटक नव्हतं त्यांना नोकरी होती. वसंतराव देशपांडे कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात होते, अरुण दाते कापड गिरण्यांत अभियंता होते. डोंबिवली तर अशाच नोकरदारांनी वसवलेली. बँकेतून किंवा सरकारी कचेरीतून ठरल्या वेळी सुटायचं, ठरलेली लोकल पकडायची आणि संध्याकाळी तंबोरा जुळवायचा, असं करणारी पिढी इथे होऊन गेली.

आता संगीत नाटक ओसरलं आणि संध्याकाळी मोकळं करणारी नोकरीही राहिली नाही. खासगी कंपनीतून रात्री नऊला घरी पोचणारा माणूस रियाज कधी करणार? उरली शिकवणी. इथे गल्लोगल्ली गाण्याचे आणि तबल्याचे क्लास आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं रांगेने बसतात. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून ही रांग आणखी वाढली. पण हवे तेवढे गुण पदरात पडले की बरीच मुलं गाणं सोडतात. शिक्षकाचा वेळ त्याच त्या प्राथमिक बंदिशींत जातो, स्वतःची विद्या पुढे सरकत नाही. दहा वर्षं फक्त भूप आणि दुर्गा शिकवणाऱ्याच्या गळ्यातून एका संध्याकाळी मारवा कसा उतरावा? त्याला गुणवत्ता नाही असं म्हणणं सोपं आहे. खरं पाहता त्याच्याकडे रियाजाला तास उरलेले नाहीत.

ज्या संगीताला समीक्षक संगीत मानायला कचरतात, तिथे पैसा अधिक नियमित आहे. ठाणे, भिवंडी, कल्याणच्या आगरी-कोळी गावांत हळदीची रात्र म्हणजे बेंजो पार्टीची रात्र. लग्नसराई लागली की एका पार्टीला आठवड्याला कितीतरी सुपाऱ्या मिळतात. पावसाळ्यात सगळं थंड, आणि गणपतीला पुन्हा सुरू. संतोष चौधरी ऊर्फ दादूस हे याच भागातल्या हळदीच्या गाण्यांतून लोकप्रिय झाले आणि बिग बॉस मराठीच्या तिसऱ्या पर्वापर्यंत पोचले. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटच या वादकांवर केला. इथे कलावंताला पोसतो तो समाज. दरवर्षी गावात लग्नं असतात आणि दरवर्षी बोलावणं येतं. या संगीताचं दुखणं वेगळं आहे. दहा वाजता आवाज बंद करण्याचा नियम, डीजेची स्पर्धा आणि यूट्यूबवर दर आठवड्याला नवं गाणं टाकण्याची घाई यांत बेंजोचा स्वतःचा आवाज हरवत चाललाय. एकाच ठेक्यावर नव्या ओळी चढतात. पैसा आहे, पण थांबून चाल बांधायला उसंत नाही.

ढोल-ताशा पथकांचं गणित आणखी निराळं. १९९९ मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली आणि ती प्रथा राज्यभर पसरली. या यात्रांत वाजवणाऱ्या पथकांतली बहुतेक मुलं हौशी असतात, पैसा वाद्यांच्या देखभालीत जातो. उत्साह म्हणून हे कौतुकास्पद आहे. मात्र त्यातून कोणाच्या घरची चूल पेटत नाही, म्हणून संगीताच्या अर्थकारणात त्याचा विचार फार करता येत नाही.

एकरकमी व्यवहाराचं सगळ्यांत मोठं उदाहरण कल्याणातच सापडतं. गायक प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) इथे राहत. त्यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं आजही पहाटे, जयंतीला, वारीच्या दिवसांत लाउडस्पीकरवरून ऐकू येतात. मुलगा आनंद आणि नातू आदर्श हेही त्याच परंपरेत लोकप्रिय झाले. कॅसेटच्या जमान्यात गायकाला एकदाच पैसे देऊन ध्वनिमुद्रण कायमचं कंपनीचं करून घेण्याची रीत होती. गाणं लाखोंच्या घरात पोचलं तरी लॉटरी लागायची ती कंपनीला. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क काढून घेता येणार नाही असं ठरलं आणि गायक-वादकांनाही सादरीकरणाच्या व्यापारी वापरातून वाटा मिळण्याची सोय झाली. २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी स्वतंत्र संस्थाही उभी राहिली. पण ठाण्यातल्या किंवा कल्याणातल्या छोट्या स्टुडिओत आजही तोंडी व्यवहार होतो. पाच हजार घ्या, गाणं द्या, विषय संपला. ज्या व्यवहारातून वर्षानुवर्षं थोडे थोडे पैसे येऊ शकतात, तोही आपण एका रात्रीत उरकतो.

महोत्सवांची तऱ्हाही तीच. दिवाळी पहाट, तलावाकाठचे कला महोत्सव, राजकीय नेत्यांनी प्रायोजित केलेल्या संगीतरजनी, सगळीकडे जाहिरातीत एक ओळ ठरलेली असते: ‘प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव’. मंचावर मुंबई-पुण्याचं मोठं नाव, त्याची मोठी रक्कम. मंडपवाला, साउंडवाला आणि एलईडी पडद्यावाला यांचे पैसे आगाऊ दिले जातात, कारण त्याशिवाय ते सामान उतरवत नाहीत. स्थानिक साथीदाराला मात्र शाल, श्रीफळ आणि ‘पुढच्या वेळी नक्की बघू’. तबल्याची पुडी बदलायला, शाई भरून घ्यायला, पेटीचे सूर दुरुस्त करायला पैसे लागतात, हे त्या वेळी कोणाला आठवत नाही. फुकट ऐकायची सवय लागलेला श्रोता पुढे शंभर रुपयांचं तिकीटही महाग समजतो. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं स्थानिक गायकाला परवडत नाही आणि शे-दीडशे माणसांची, नेटका आवाज असलेली जागा शोधावी तर शाळेच्या किंवा वाचनालयाच्या सभागृहाच्या पलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

मराठी संगीताने एकदा खरोखरच मोठा पैसा पाहिला होता. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि बालगंधर्वांच्या गाण्यावर महाराष्ट्र लोटला. भास्करबुवांच्या चालींचं ‘स्वयंवर’ १९१६ चं. ८ जुलै १९२१ ला केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शबरोबर झालेल्या संयुक्त ‘मानापमान’चं उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला दिलं गेलं. गालिचे, अत्तरं, भरजरी शालू यांवर पैसा वाहिला, कंपनी कर्जात बुडाली आणि आज ही गोष्ट उधळपट्टीची म्हणून सांगितली जाते. पण त्याच पैशातून अहमदजान थिरकवाँ तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला कंपनीत राहिले. नाटक मंडळीत वादकाला पगार असे, जेवण असे, बिऱ्हाडाची सोय असे. बालगंधर्वांनी पैसा उधळला हे खरं, पण त्यांच्या साथीदारांना महिन्याची चिंता नव्हती आणि त्याचा फायदा मराठी कानांना झाला. आजच्या महोत्सवांत गालिचे आहेत, पगार नाही.

कलावंतांसाठी खरीखुरी सोडत काढल्याचं एक उदाहरण परदेशात आहे. आयर्लंडच्या सरकारने २०२२ मध्ये पात्र ठरलेल्या हजारो अर्जदारांतून चिठ्ठी टाकल्यासारखे २,००० कलावंत निवडले आणि त्यांना तीन वर्षं आठवड्याला ३२५ युरो दिले. कोणतं काम केलं याचा हिशेब मागितला नाही. मोठं बक्षीस थोड्यांना देण्याऐवजी लहान रक्कम नियमितपणे पुष्कळांना दिली, हे त्या योजनेचं शहाणपण. लॉटरीचा पैसा अशा कामांकडे वळवल्याचीही उदाहरणं आहेत. ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी १९९४ मध्ये सुरू झाली ती कलांसाठी वाटा राखूनच. केरळने ‘कारुण्य’ लॉटरीचा पैसा गरीब रुग्णांच्या उपचारांकडे वळवला.

आपल्याकडे महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सरकारच चालवतं. कलावंतांसाठी सरकारची योजना आहे ती ज्येष्ठांच्या मानधनाची, महिन्याला ५,००० रुपये. उतारवयात ते हवेतच. पण पंचविशीत, तिशीत, कला घडण्याच्या वयात हात देणारं फारसं काही नाही. कला करपते ती याच वयात. या वयात रियाज सुटला की पन्नाशीनंतरचं मानधन त्या माणसाला जगवतं, त्याचं गाणं परत आणत नाही.

म्हणून मागणी साधी असावी. राज्य लॉटरीच्या वर्षातल्या एका बंपर सोडतीचं उत्पन्न तरुण गायक-वादकांच्या दोन-तीन वर्षांच्या मासिक वेतनासाठी बाजूला काढावं आणि निवडही सोडतीने करावी, म्हणजे शिफारशीची चिठ्ठी चालणार नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या शाळांतला संध्याकाळी रिकामा असणारा एकेक वर्ग नाममात्र भाड्याने रियाजाला द्यावा. महोत्सवाच्या आयोजकांनी साथीदारांच्या मानधनाचा आकडा निमंत्रणपत्रिका छापण्याआधी लेखी द्यावा. स्टुडिओवाल्यांनी पाच हजारांच्या व्यवहारातही एक कागद करावा. आणि वाचकांपैकी जे सोसायटीच्या किंवा मंडळाच्या समितीवर असतील, त्यांनी या वर्षीच्या गणपतीत मंडपवाल्याच्या आधी तबलजीचे पैसे द्यावेत.