कोड्याची भाषा आणि मुलाची भाषा: सोलापूरच्या संदर्भात

बालसाहित्याच्या समीक्षेत कोड्याचे मूल्यमापन बहुधा मनोरंजन आणि बुद्धीला चालना या दोन निकषांवर होते. मराठी, कन्नड व तेलुगू भाषा एकत्र नांदणाऱ्या सोलापुरात तिसरा निकष आवश्यक ठरतो: कोडे घरच्या भाषेचा उंबरठा ओलांडते काय?

शब्दकोडे येथे अडते. ‘चादर’ या शब्दातील मधले अक्षर काढले की ‘चार’ उरतो. मराठी घरातील मुलाला हे सहज सुटते. परंतु चारला ‘नालुगु’ म्हणणाऱ्या तेलुगू किंवा ‘नाल्कु’ म्हणणाऱ्या कन्नड घरातील मुलाची ती प्रथम मराठीची परीक्षा असते. तिथले अपयश बुद्धीच्या खाती मांडणे अन्यायाचे होय.

प्रतिमेवर उभ्या लोककोड्याचे तसे नाही. नारळाला दार नसलेले, आत पाणी असलेले घर म्हटले, तर कन्नड ‘ओगटु’ ऐकत वाढलेले मूलही रूपक ओळखते.

अंकांचे कोडे त्याहून मोकळे. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांची ६१७४ ही संख्या पाहावी. ३५२४ चे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेल्यास ३०८७, ८३५२ आणि तिसऱ्या पायरीस ६१७४ येते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या सात पायऱ्यांच्या आत तेथेच पोहोचते.

अर्थात शब्दकोडे त्याज्य नव्हे. भाषेचा कान तेच घडवते. मात्र संग्रहाचा आरंभ प्रतिमा व अंकांपासून व्हावा आणि श्लेष ही भाषा आपलीशी झाल्यावरची मौज असावी.