डूडल गॉड: देव व्हायचा खेळ की उत्तरं शोधायचा?



रिसर्च क्वेश्चन, लिटरेचर रिव्ह्यू वगैरे नेहमीचं बाजूला ठेवून आज एका मोबाईल गेमचं परीक्षण करूया. विषय हलका वाटेल, पण पेटच्या मुलाखतीत 'तुमचे निकष काय?' ह्या एका प्रश्नावर जे अडखळतात, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

झालं असं, की मी जिथे पेइंग गेस्ट म्हणून राहते त्या काकू ख्रिस्ती आहेत. रविवारी चर्च आणि नातवाचं संडे स्कूल कधी चुकत नाही. नातू दहा वर्षांचा. परवा तो धावत माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "ताई, मी आत्ता माणूस बनवला!" मागून काकू आल्या. "तू केमिस्ट्रीवाली ना? मग बघून सांग बाई, ह्या खेळात काही वावगं आहे का? नावच मेलं 'गॉड' आहे."

मी म्हटलं, दोन दिवस द्या. मग दोन रात्री जागून खेळले. (सिनॉप्सिस तसाच पडलाय, ते सोडा.)

गेम आहे तरी काय?

'डूडल गॉड' हा जॉयबिट्स कंपनीचा २०१० मधला गेम. सुरुवातीला चार घटक मिळतात: अग्नी, पाणी, पृथ्वी, हवा. दोन निवडायचे, जुळले तर नवा घटक तयार. पृथ्वी आणि अग्नीतून लाव्हा, पृथ्वी आणि पाण्यातून दलदल, हवा आणि अग्नीतून ऊर्जा. दलदलीला ऊर्जा दिली की जीवन. तिथून जीवाणू, प्राणी, माणूस, हत्यारं अशी रांग लागते. त्याच वर्षी आलेला पोलंडचा 'लिटल अल्केमी' ह्याच जातीचा, फक्त नावात देव नाही.

हे चार घटक मूळचे एम्पेडोक्लिस ह्या ग्रीक विचारवंताचे, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले. आपल्या पंचमहाभूतांपैकी आकाश तेवढं त्यात नाही. १६६१ मध्ये रॉबर्ट बॉइलने ह्या कल्पनेवर पुस्तकभर प्रश्न उभे केले, आणि १७८९ मध्ये लव्हॉझिएने मूलद्रव्यांची यादी छापली तेव्हा पाणी त्यात नव्हतं, कारण ते संयुग आहे हे तोवर कळलं होतं. तेव्हा 'यातून मुलाला केमिस्ट्री येईल' हा समज आधी काढून टाका. जाता जाता सांगते, बॉइल अत्यंत सश्रद्ध होता. बायबलच्या आयरिश भाषांतराच्या छपाईसाठी त्याने पदरचे पैसे घातले. श्रद्धा असली की प्रश्न विचारता येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पहिली तपासणी: काय दाखवलंय?

पालक सहसा इथूनच सुरुवात करतात. रक्त आहे का, शिवीगाळ आहे का, जादूटोणा आहे का? मीही यादी केली. जादूगार आहे, व्हॅम्पायर आहे, झोम्बी आहे. पाणी आणि अग्नी जोडले की चक्क दारू होते. चित्रं छोटी आणि गमतीदार आहेत, बीभत्स काही नाही. मोफत आवृत्तीत जाहिराती येतात आणि त्या कुठल्या येतील ह्यावर आपला ताबा नसतो. काकूंना मला ह्या यादीपेक्षा जाहिरातींचीच जास्त काळजी वाटते, असं सांगितलं.

आता मुख्य आक्षेप, माणूस बनवण्याचा. इथे मला एक मजेदार गोष्ट सापडली. गेममध्ये माती आणि जीवन जोडलं तर थेट माणूस होत नाही, आधी 'गोलेम' होतो. गोलेम म्हणजे ज्यू दंतकथांमधला मातीचा पुतळा, सांगकाम्या. त्या गोलेमला पुन्हा जीवन दिलं की मग माणूस. काकूंनी बायबल काढलं. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातही माणूस मातीपासूनच घडतो आणि श्वास फुंकल्यावर जिवंत होतो. 'आदाम' हे नावच जमिनीसाठीच्या हिब्रू शब्दाशी जोडलेलं आहे. नुसती हलणारी माती आणि माणूस ह्यांत फरक काय, हा प्रश्न संडे स्कूलमध्ये अर्धा तास पुरेल. म्हणजे ज्या जागी आक्षेप होता, तिथेच बोलायला सगळ्यात चांगला विषय निघाला.

बहुतेक परीक्षणं इथे थांबतात. आपण थांबायचं नाही, कारण निकष अपुरा आहे. पडद्यावर काय दिसतं हे आपण तपासलं, खेळताना मूल काय करतं हे अजून तपासलेलं नाही.

दुसरी तपासणी: खेळणाऱ्याला काय करायला लावलंय?

मी नातवाच्या शेजारी बसून फक्त बघत राहिले. पहिली पाच-दहा मिनिटं तो विचार करत होता. "दगडाला आग दिली तर धातू होईल का?" हा खरा अंदाज होता. मग घटक वाढले आणि विचार बंद पडला. पहिला घटक घ्यायचा, तो सगळ्यांशी जोडून बघायचा. मग दुसरा घ्यायचा.

हिशोब करा. चार घटकांच्या जोड्या, स्वतःशी स्वतः धरून, १० होतात. १०० घटकांच्या ५,०५०. सूत्र सोपं आहे: घटकांची संख्या गुणिले त्याहून एक जास्त, भागिले दोन. पण गेममध्ये एक जोडी बघायला सेकंदभर लागतो आणि चुकलं तर काही बिघडत नाही, त्यामुळे डोकं न लावता सगळं चाळणं हीच सोयीची पद्धत ठरते.

आणि इथेच 'गॉड' हे नाव खोटं ठरतं. ह्या देवाला काहीही निर्माण करता येत नाही. कोणती जोडी चालेल हे बनवणाऱ्याने आधीच ठरवलंय, खेळणारा फक्त त्याच्या मनातली यादी ओळखतो. त्यामुळे मुलाला गर्व चढेल ही भीती मला पटत नाही. मला खटकलं ते वेगळंच. उत्पत्तीत जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर देव थांबतो आणि जे झालं ते चांगलं आहे असं बघतो. माणसाला बागेत ठेवतो ते तिची राखण करायला. गेममध्ये जीवन तयार झालं की ते एक चौकोन होऊन बसतं, पुढच्या जोडीचा कच्चा माल. त्याची राखण कुणी करत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघतही नाही. ख्रिस्ती कुटुंबाने विचार करावा तो ह्या घाईचा. हे बोलल्यावर काकू बराच वेळ गप्प होत्या.

आता माझी कबुली

हे मला इतकं का लागलं, ते सांगते. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे १२ धातूंची मिठं होती. म्हणजे वेगवेगळ्या ६६ जोड्या. मी कॅटॅलिस्ट शोधत होते आणि अगदी त्या नातवासारखीच एकेक जोडी लावत सुटले होते. आठ महिन्यांत ५१ जोड्या झाल्या. कमिटीपुढे स्लाईड लावली, आणि एका सरांनी शांतपणे विचारलं, "ही जोडी चालेल असं तुम्हाला का वाटलं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ५१ पैकी एकाही जोडीबद्दल नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, फसलेल्या प्रयोगांपुढे मी वहीत नुसतं 'रिझल्ट नाही' लिहिलं होतं. तापमान नाही, वेळ नाही, रंग बदलला का ते नाही. त्यामुळे ते आठ महिने मला परत वापरताच आले नाहीत. सहामाही अहवाल नामंजूर झाला. घरी फोन करून सांगताना आई फक्त म्हणाली, "जेवलीस का?"

सगळ्या जोड्या करून बघणं हीसुद्धा एक पद्धत आहे, आणि शिस्तीने केली तर चांगली आहे. पण फसलेली जोडीही काहीतरी सांगत असते, आणि ते लिहून ठेवावं लागतं. गेममध्ये चुकलेल्या जोडीची खूण राहत नाही. निसर्ग तर बरोबर उत्तरावर घंटाही वाजवत नाही.

मग गेम द्यावा का?

काकूंना मी सांगितलं ते असं. 'डूडल गॉड' द्या, पण जाहिराती बंद करून आणि शेजारी बसून. नियम दोन. जोडी लावण्याआधी 'काय होईल आणि का' हे तोंडाने बोलायचं. आणि चुकलेली जोडी वहीत लिहायची.

त्याच कंपनीचा 'डूडल डेव्हिल' मात्र नको. त्यात सगळा खेळ पापं घडवण्याभोवती फिरतो, इतक्या लहान वयात त्याची गरज नाही. २०२४ मध्ये आलेला 'इन्फिनिट क्राफ्ट' एकट्याने खेळू देऊ नका. त्यात नव्या जोडीचं उत्तर भाषा-मॉडेल तयार करतं, त्यामुळे पुढे कुठला शब्द येईल हे आधी तपासून ठेवण्याची सोयच नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या प्रस्तावातला कुठलाही एक प्रयोग घ्या आणि त्यापुढे एकच ओळ लिहा, 'हे चालेल असं मला वाटतं, कारण...' ओळ पूर्ण झाली नाही, तर तो प्रयोग उद्या करू नका.

काल नातवाची वही बघितली. डाव्या बाजूला जोडी, मध्ये अंदाज, उजवीकडे निकाल. बारा ओळींपैकी नऊ चुकलेल्या, आणि सगळ्या नीट लिहिलेल्या. दुसऱ्या वर्षातल्या माझ्या वहीपेक्षा बरी आहे.