दोन स्वरांची शाळा

जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या 'सी जॅम ब्लूज'ची धून दोनच स्वरांची आहे: जी आणि त्याच्या वरचा सी. पेटीवर बोट ठेवून सांगायचं तर पांढरी पाच आणि वरची पांढरी एक. सी हा षड्ज धरला तर पंचम आणि तार षड्ज. पंचमावर घुटमळायचं, षड्जावर उडी मारायची आणि गप्प बसायचं. हेच तीनदा केलं की बारा बार, म्हणजे चार-चार ठोक्यांची बारा मापं, भरतात आणि धून संपते. अमेरिकेतल्या शाळांत जॅझ बँडची नवी तुकडी बसवताना ही रचना हमखास पहिल्या धड्यांत येते. त्यामुळे तिच्यावर 'मुलांसाठी सोपी' असा शिक्का बसला आहे. तो मला पटत नाही. धून लहान आहे कारण बाकीची जागा वादकांसाठी सोडलेली आहे, आणि सोडलेल्या जागेत कसं वागायचं हे शिकणं मुळीच सोपं नाही.

ही रचना बार्नी बिगार्ड या क्लॅरिनेटवादकाच्या छोट्या संचानं 1941 साली 'सी ब्लूज' या नावानं वाजवली होती. एलिंग्टनच्या पूर्ण बँडनं ती 21 जानेवारी 1942 रोजी शिकागोत, व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. अवधी अडीच मिनिटांहून थोडा अधिक. तबकडीच्या एका बाजूत त्याहून फार काही मावतही नसे. सुरुवातीला एलिंग्टन एकटा पियानोवर धून वाजवतो. मागे बास आणि ड्रम्स आहेत, पण जपून. एखादा लाडका शब्द दोनदा उच्चारावा तशी तो ती ओळ सहज टाकतो. दुसऱ्या आवर्तनात तीच ओळ बँड उचलतो, आणि तीही हळू आवाजात. एवढे मातबर वादक हाताशी असताना कुणी गर्जना करत नाही.

मग एकल वादनाची रांग लागते. प्रत्येक वादक येण्याआधी बँड थांबतो. चार बार तो वादक एकटा असतो, खाली ना कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) ना ठेका. त्यानंतर बँड परत येतो आणि त्याच्यासोबत बारा बारचं आवर्तन पुरं करतो. आधी रे नॅन्सचं व्हायोलिन, मग रेक्स स्टुअर्टचा कॉर्नेट, बेन वेब्स्टरचा टेनर सॅक्सोफोन, जो नॅन्टनचा ट्रॉम्बोन आणि शेवटी बिगार्डचा क्लॅरिनेट. सगळ्यांना दिलेली जागा सारखी, पण पाचही जणांची बोली वेगळी. नॅन्स खेळकरपणे गजानं तारा छेडतो. वेब्स्टरच्या स्वरात फुंकरच जास्त ऐकू येते. नॅन्टन ट्रॉम्बोनच्या तोंडावर रबरी प्लंजर उघडझाप करत वाद्याला माणसासारखं बोलतं करतो. बिगार्ड न्यू ऑर्लिन्सच्या वळणानं वर चढत जातो आणि अखेरीस पूर्ण बँड त्याच्याभोवती उसळतो. आरंभीचा संयम कशासाठी होता, ते इथे कळतं.

आता त्या दोन स्वरांकडे जरा जवळून पाहू. धून बदलत नाही, पण खालची जमीन बदलते. ब्लूजच्या बारा बारांत पहिले चार सी-कॉर्डचे. त्यावर पंचम आणि षड्ज घरच्यासारखे बसतात. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला ही जोडी ओळखीचीच वाटेल. पाचव्या बारला कॉर्ड एफवर, म्हणजे मध्यमावर जाते. तेव्हा जी हा त्या कॉर्डच्या बाहेरचा, किंचित तरंगता स्वर होतो आणि सी आधार देतो. नवव्या बारला जी-कॉर्ड येते आणि नातं उलटतं: जी घरचा होतो, सी उपरा होऊन टोचतो. मुलानं बोटं कुठेही हलवलेली नसतात, तरी एकाच ओळीचे तीन रंग त्याच्या कानावर पडलेले असतात. कॉर्ड म्हणजे काय हे फळ्यावर तासभर सांगून जे समजत नाही, ते इथे अर्ध्या मिनिटात ऐकू येतं.

पियानोवर बसलेल्या नवख्या मुलासाठी या रचनेत आणखी एक गंमत दडलेली आहे. सी-सेव्हन कॉर्डचा जीव ई आणि बी-फ्लॅट या दोन स्वरांत आहे. आपल्या भाषेत शुद्ध गंधार आणि कोमल निषाद. दोन्ही बोटं अर्धा स्वर खाली सरकवली की कोमल गंधार आणि धैवत मिळतात, आणि एफ-सेव्हन तयार होते. मूळ जागेवरून अर्धा स्वर वर नेली की मध्यम आणि शुद्ध निषाद, म्हणजे जी-सेव्हन. मुळातला स्वर बासवादक सांभाळतोच. दोन बोटं आणि तीन जागा एवढ्यावर पूर्ण ब्लूजची साथ उभी राहते. मग शिक्षकाचं खरं काम उरतं ते साथ कधी वाजवायची नाही हे शिकवण्याचं.

वर्गात प्रत्यक्ष अडचणी वेगळ्याच असतात. सगळ्यांच्या कानावर एकच सी पडत असला, तरी आल्टो सॅक्सोफोनवाल्याच्या कागदावर तिथे ए लिहिलेला असतो, ट्रम्पेट आणि टेनरवाल्यांच्या कागदावर डी. शिवाय कागद स्विंग सांगत नाही. एका ठोक्याचे दोन समान भाग लिहिलेले असतात. वाजवताना पहिला लांबतो, दुसरा आखूड होतो. मुलं कागदाशी प्रामाणिक राहिली की वादन कवायतीसारखं ठोकळेबाज होतं. म्हणून जाणते शिक्षक कागद बाजूला ठेवायला लावतात आणि ओळ आधी तोंडानं म्हणवून घेतात: 'डू', 'डा', 'डाट'. कुठला स्वर लांबवायचा, कुठला कापायचा, जोर कुठे द्यायचा, हे त्या अक्षरांतच असतं. आपल्याकडे तबल्याचा विद्यार्थी हाताआधी बोलांची पढंत करतो, त्यामागेही हाच विचार आहे. टाळी पहिल्या-तिसऱ्या ठोक्यावर न देता दुसऱ्या-चौथ्यावर द्यायची, हा त्यापुढचा पाठ. ड्रमवाल्याची हाय-हॅट नेमकी तिथेच मिटते.

उत्स्फूर्त वादनाची भीती घालवायलाही हीच धून उपयोगी पडते. आधी फक्त जी द्यायचा. एका स्वरात लय बदल, थांब, पुन्हा ये. मग दुसरा स्वर. 'चुकीचा स्वर वाजेल' हे भय दोन स्वरांत उरतच नाही, त्यामुळे लक्ष आपोआप लयीकडे आणि विरामाकडे जातं. कसोटी मात्र ब्रेकची. बँड थांबला की तेरा वर्षांचं पोर चार बार, म्हणजे सोळा ठोके, उघड्यावर एकटं. त्या वेळी बाकीचे विश्रांती घेत नसतात. प्रत्येक जण मनात मोजत असतो, कारण सतराव्या ठोक्याला, म्हणजे समेलाच म्हणा ना, सगळ्यांनी एकत्र उतरायचं असतं. एकाचं धाडस आणि बाकीच्यांचं भान हे दोन्ही एकाच क्षणी तपासणारी दुसरी परीक्षा मला माहीत नाही.

एलिंग्टनचं 1942चं ध्वनिमुद्रण झालं त्याच शिकागोत तेव्हा ड्यूसेबल हायस्कूलमध्ये कॅप्टन वॉल्टर डायट मुलांचा बँड चालवत होते. कडक शिस्तीचा माणूस. सॅक्सोफोनवादक जीन ॲमन्स त्यांच्याच हाताखाली घडला. जॉनी ग्रिफिन तर शाळा संपताच लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये दाखल झाला. शाळेत वाचन पक्कं झालं आणि शहरात जॅझ कानावर पडत राहिला, असा दुहेरी लाभ त्या मुलांना मिळाला. आपल्याकडच्या गोव्याच्या वादकांना त्यातला एकच भाग शाळेकडून मिळाला. चर्चच्या शाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकून ते मुंबईला आले. जॅझमधलं उत्स्फूर्त वादन त्यांनी तबकड्यांवरून आणि सोबतच्या वादकांकडून उचललं. सी. रामचंद्रांच्या 1951च्या 'अलबेला'त ज्याचा ट्रम्पेट झळकला, तो चिक चॉकलेट याच परंपरेतला.

'सी जॅम ब्लूज' केवळ नवशिक्यांची रचना असती तर शाळेतच संपली असती. तिला शब्द लाभले, 'ड्यूक्स प्लेस' हे नवं नाव मिळालं आणि 1961 साली लुई आर्मस्ट्राँगनं ती एलिंग्टनसोबत गायली. ऑस्कर पीटरसननं 'नाइट ट्रेन' या ध्वनिमुद्रिकेत ती चमकवली. चार्ल्स मिंगसनं 1974 साली कार्नेगी हॉलमध्ये तिला वीस मिनिटांहून जास्त फुलवलं. बारा बार आणि दोन स्वर तेच होते.

म्हणून तिच्या शालेय रूपांतरांत कुणी भरमसाट सुरावट भरली किंवा एकल वादन आधीच लिहून मुलांच्या हाती दिलं, की माझ्या मते रचनेचा गाभाच जातो. रिकाम्या बारांची धास्ती वाटते ती बहुधा मोठ्यांना. मुलांना तिथे उभं राहू द्यावं. आणि वाचकहो, 1942चं ते ध्वनिमुद्रण आधी दोनदा ऐका. मग एखाद्या शाळेचा बँड ते वाजवताना भेटला, तर बेसूर किती झाले हे मोजत बसू नका. ब्रेक संपल्यावर सगळी मुलं एकाच ठोक्यावर परत आली का, तेवढं पाहा. आली असतील तर त्यांना जॅझ कळायला लागला आहे.