पवित्रतेचे व्याकरण

आयरिश भाषेत विशेषण सामान्यतः नामानंतर येते आणि नामाच्या लिंग-वचन-विभक्तीनुसार पालटते. कधी त्याचा अंत बदलतो, कधी आद्य व्यंजनच मृदू होते. ‘पवित्र’ या अर्थाचे ‘नीफा’ मात्र स्वरान्त असल्यामुळे षष्ठीत वा अनेकवचनात जसेच्या तसे राहते. आद्य नकाराचे मृदूकरणही लेखनात दाखविले जात नाही. मराठीतील ‘पवित्र’ हे विशेषणही असेच अविकारी आहे.

या अचलतेत पावित्र्याच्या नित्यतेचा संकेत शोधण्याचा मोह होतो. परंतु व्याकरण त्याला दुजोरा देत नाही. ‘नीफा’ ज्या ‘नीव्ह’ या शब्दापासून साधले गेले, तो विकारी आहे. क्रुसाची खूण करताना पवित्र आत्म्याचा निर्देश षष्ठीत होतो आणि तेथे ‘नीव्ह’चे अंत्य व्यंजन तालव्य बनते. शिवाय ‘नीफा’ हे मुळात धातुसाधित आहे : ‘पवित्र केलेले’.

अर्थाचा खरा भेद शब्दांच्या निवडीत आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आयरिश बायबलच्या नावात ‘नीफा’ आहे. लोकश्रद्धेतील झऱ्याला ‘ब्यॅनिहे’, म्हणजे आशीर्वाद लाभलेला, म्हणतात. चर्चमधील मंतरलेल्या पाण्याला ‘कॉश्रिके’, म्हणजे विधिपूर्वक संस्कारिलेले. पावित्र्य कोठून आले, हे विशेषणच सांगते. इंग्रजीत या तिन्हींना ‘होली’ हे एकच विशेषण लागते, आणि इंग्रजीवरून अनुवाद करणारा मराठी लेखक तिन्ही ठिकाणी ‘पवित्र’ लिहून मोकळा होतो.

या सपाटीकरणाने काय हरवते, हे सिंग यांच्या ‘द वेल ऑफ द सेंट्स’ (१९०५) या नाटकात दिसते. नाटक इंग्रजीत असले तरी त्याचा भावलोक आयरिश आहे. झऱ्याच्या पाण्याने अंध जोडप्याला दृष्टी मिळते, ती पुन्हा मावळते, आणि दुसऱ्यांदा आणलेले पाणी आंधळा मार्टिन उधळून लावतो. पाणी केवळ ‘पवित्र’ ठरले, तर हे कृत्य निव्वळ पाखंड वाटते. ते ‘आशीर्वादाचे’ आहे असे जाणवले, तर मार्टिनने एक देणगी नाकारली, एवढेच उरते. आणि देणगी नाकारण्याचा अधिकार माणसाला असतो. नाटकाची शोकात्मता या अधिकाराभोवती उभी आहे. अनुवादकाच्या एका विशेषणावर तिचे भवितव्य ठरते.