चार तालुक्यांची खोली

माझगावच्या चिनी मंदिराची एखादी रील तुमच्या फोनवर येऊन गेली असेलच. लाल-सोनेरी भिंती, उदबत्तीचा धूर, स्लो मोशन आणि ‘मिनी चायना’ छापाची कॅप्शन. या रील्सबद्दल माझी तक्रार एवढीच की त्या मंदिर दाखवतात, पण त्याचं नाव वाचत नाहीत.

नाव आहे सी युप कून. ‘सी युप’ म्हणजे चार तालुके. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातले हे तालुके, जिथली माणसं पोटासाठी जगभर पांगली. ‘कून’ म्हणजे अशा माणसांनी परगावी एकत्र येण्याची, उतरण्याची जागा. मराठीत याला तयार शब्द आहे: गावाची खोली. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांच्या अशा खोल्या होत्या. खर्च वाटून घ्यायचा, पाळीपाळीने झोपायचं आणि भिंतीवर ग्रामदैवताची तसबीर. १९१९ साली गोदीजवळ उभी राहिलेली ही वास्तू त्यांचीच चुलत बहीण.

विठ्ठलवाडीहून लोकलने कुर्ला, तिथे हार्बर बदलून डॉकयार्ड रोड, मग नवाब टँककडे चालत. लाल रंग सोडला तर बाहेरून इमारत साधीच आहे, सगळा थाट आत. तो थाट मला कलाकुसर म्हणून फार थोर वाटला नाही. जागा लहान, वस्तू जास्त. कंदील, पाट्या, पडदे एकमेकांना ढकलत उभे असतात. पण आपला देव्हारा आठवा. भक्ताने आणलेली वस्तू तिथून कोण काढून टाकतं? ही सजावट एका डिझायनरची नाही, अनेकांच्या नवसांची आहे. म्हणून ती नीटनेटकी नाही, आणि म्हणूनच खरी वाटते.

देवांची निवडही बघा. खाली करुणेची देवी क्वान यिन. ती मूळची आपल्याकडचीच. बौद्धांचा अवलोकितेश्वर चीनला गेला आणि काही शतकांत तिथे स्त्रीरूप झाला. औरंगाबाद लेण्यांत, क्रमांक ७ मध्ये, तो भक्तांना संकटांतून सोडवताना कोरलेला आहे, आणि त्या संकटांत बुडणारं जहाजही आहे. समुद्रावरून आलेल्या माणसांना याहून जवळचं दैवत कोणतं? वरच्या मजल्यावर क्वान कुंग, इ.स. २२० मध्ये मारला गेलेला सेनानी. रक्ताचं नातं नसलेल्या दोघांशी त्याने भावाची शपथ घेतली, अशी कथा आहे. परक्या शहरात अनोळखी माणसांना एकत्र बांधून ठेवायला असाच देव लागतो. बांबूच्या काड्यांचा डबा हलवून, पडलेल्या काडीच्या आकड्यावरून इथे भविष्य विचारतात. कोकणातला माणूस याला सरळ कौल म्हणेल.

आता ‘छुपं रत्न’ या लाडक्या शब्दाकडे येऊ. छुपं कशामुळे? १९६२ च्या युद्धानंतर आसाम-बंगालकडच्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना, लहान मुलांसकट, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. देशभरातून अनेक कुटुंबं निघून गेली, मुंबईतली चिनी वस्तीही ओसरली. हे मंदिर आपल्याला ‘सापडलं’ म्हणताना त्याचे लोक का हरवले, हे विचारलं नाही, तर आपलं कौतुक अर्धवट आहे.

विठ्ठलवाडीकराला हे परकं वाटू नये. पुढचंच स्टेशन उल्हासनगर, फाळणीनंतर सिंधहून आलेल्या माणसांनी वसवलेलं. गाव सुटलेली माणसं आधी छप्पर शोधतात आणि लगेच देवासाठी कोनाडा.

तेव्हा जा, पादत्राणं काढा, रीलही बनवा. फक्त कॅप्शनमध्ये ‘मिनी चायना’ लिहू नका. चार तालुक्यांची खोली, एवढं पुरे.