टॉवर, घड्याळ आणि वाचक

दसऱ्याच्या दिवशी आमच्या घरी पाटीवर सरस्वती काढीत आणि तिच्यापुढे घरातली पुस्तके रचून त्यांवर गंधफूल वाहत. त्या दिवशी पुस्तक उघडायचे नाही, असा आजीचा दंडक होता. लहानपणी हा दंडक मला फार आवडे. सरस्वतीची भक्ती आणि अभ्यासाला सुट्टी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी साधत. पुढे मोठेपणी विद्यापीठांच्या आणि ग्रंथालयांच्या स्मरणिका चाळण्याचा नाद लागला, तेव्हा मनात आले की आपल्याकडे ग्रंथांच्या बाबतीत बाराही महिने दसराच चाललेला असतो की काय! स्मरणिकेत प्रथम दात्याची तसबीर, मग कोनशिलेचा मजकूर, मग इमारतीची लांबीरुंदी आणि शेवटी दरसाल वाढत गेलेल्या ग्रंथसंख्येचा तक्ता. पूजेची सगळी सामग्री आहे. ग्रंथालयात कोण आले, काय मागितले, त्याला ते मिळाले की हात हलवीत परत जावे लागले, याची एक ओळ शोधून सापडायची नाही.

आणि इतिहास म्हणून आपण वाचतो ते हेच! धान्याच्या कोठाराचा इतिहास पोत्यांच्या संख्येत लिहिता येईल. खाणावळीचा तसा लिहिता येणार नाही. ग्रंथालय हे कोठार की खाणावळ, हा माझा मूळ प्रश्न आहे. तो मनात आला मुंबईच्या राजाबाई टॉवरपाशी.

फोर्टातून ओव्हल मैदानाकडे गेलेल्या कोणीही हा टॉवर पाहिला नसेल असे संभवत नाही. पण खाली उभे राहून मान वर करून घड्याळ पाहणाऱ्या शंभर माणसांना विचारा, की या टॉवरच्या पोटात काय आहे? निदान नव्वद जण गोंधळतील. त्याच्या पोटात मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. नुसते आहे असे नाही. आधी ग्रंथालय ठरले आणि टॉवर मागाहून आला.

हकीकत अशी. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. त्यानंतर चारच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या सुवर्णकाळाचा राजा म्हणजे शेठ प्रेमचंद रायचंद. १८६४ साली त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले. त्यांच्या पत्राचा आशय पाहण्यासारखा आहे. हे ग्रंथालय शहराचे भूषण व्हावे आणि मागच्या व पुढच्या पिढ्यांच्या विद्वत्तेचे भांडार व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. आधी भूषण आणि मग भांडार, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याच वर्षी काही महिन्यांनी त्यांनी आणखी दोन लाख दिले, ते मोठे घड्याळ आणि घंटा असलेल्या मनोऱ्यासाठी. त्याला नाव द्यायचे मातोश्री राजाबाईंचे. त्या माउलीला दृष्टी नव्हती, आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचा जैनांचा नियम पाळण्यासाठी तिला घंटेचे ठोके उपयोगी पडत, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका गोड आहे, आणि ती जिभेवर राहते. तिच्यामुळेच बिचारे ग्रंथालय लोकांच्या विस्मरणात गेले असेल.

१८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअरबाजार बुडाला आणि त्याबरोबर प्रेमचंदांचे वैभवही गेले. विद्यापीठाची रक्कम मात्र वाचली. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या विलायती वास्तुशिल्पज्ञाने आराखडे केले. मुंबईत पाऊल न टाकता केले, हे विशेष. १ मार्च १८६९ रोजी पाया घातला गेला आणि १८७८ च्या नोव्हेंबरात काम पुरे झाले. उंची २८० फूट. ग्रंथालय उघडले १८८० साली. देणगी आणि दार उघडणे यांत सोळा वर्षे गेली! तेवढ्या अवधीत एखादा मुलगा जन्माला येऊन मॅट्रिकच्या परीक्षेला बसायला येतो.

आणि दार उघडले, तेव्हा आत यायचे कोणी? हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला दिसत नाही, आणि मला तर तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तेव्हाचे मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर उभारलेले, केवळ परीक्षा घेणारे होते. शिकवणे हे एल्फिन्स्टन, विल्सन, डेक्कन या महाविद्यालयांचे काम. विद्यापीठाला स्वतःचा एक विद्यार्थी नव्हता आणि एक वर्ग नव्हता. ज्या घरात चूल पेटत नाही, त्या घरात भांड्यांची सुरेख मांडणी करून ठेवावी, तसा तो प्रकार झाला. विद्यापीठात शिकवण्याचे विभाग खऱ्या अर्थाने आले ते १९१९ साली. तेव्हा समाजशास्त्राच्या आसनावर पॅट्रिक गेडिस बसले, आणि १९२४ साली तो विभाग गो. स. घुर्ये यांच्या हाती आला. म्हणजे वाचनालय तयार होऊन उणीपुरी चाळीस वर्षे लोटल्यावर घरचा वाचक जन्मला.

वरच्या मजल्यावरच्या त्या दालनाची मला निंदा करायची नाही. रंगीत काचांतून गाळलेला उजेड, उंच लाकडी छत आणि ओव्हलवरून येणारा वारा यांचा अनुभव ज्याने घेतला, त्याच्या तोंडून वाईट शब्द निघणार नाही. तिथे चांगली कामेही झाली. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची सूची १९३५ साली निघाली. भगवतसिंहजी आणि भडकमकर संग्रहांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची देवस्थळींनी केलेली वर्णनात्मक सूची १९४४ साली. सूची करणे म्हणजे कोठारातल्या पोत्याला नाव देऊन ते जेवणाराच्या पानापर्यंत आणायची वाट मोकळी करणे. माझ्या लेखी या दोन सूची टॉवरपेक्षा उंच आहेत. परंतु त्यांची छायाचित्रे कोणी दिनदर्शिकेवर छापीत नाही.

माझ्या या कडवटपणाला थोडे घरगुती कारण आहे, ते सांगून टाकतो. मी ज्या महाविद्यालयात शिकलो, त्याचे नाव घेत नाही. तिथल्या ग्रंथालयात काचेची कपाटे होती आणि कपाटांना कुलपे होती. पुस्तक हवे तर चिठ्ठी लिहून खिडकीत द्यायची. शिपाई चिठ्ठी घेऊन आत जाई आणि बहुधा तीच चिठ्ठी घेऊन बाहेर येई. एकदा काचेतून मला हवे ते पुस्तक मी डोळ्यांनी पाहिले आणि बोटाने दाखवले. “चिठ्ठीवर नंबर चुकलाय,” असे म्हणून खिडकी बंद झाली. चार वर्षे मी ते पुस्तक काचेआडून पाहत होतो. पुढे रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत ते मला मिळाले. आणि खरे सांगायचे तर इतके काही थोर निघाले नाही. पण तो भाग वेगळा.

कुलपाच्या या संस्कृतीला आपल्याच देशातल्या एका विद्यापीठात, एका माणसाने धक्का दिला. म्हणून मुंबईच्या गोष्टीशेजारी मला मद्रासची गोष्ट ठेवायची आहे. घुर्ये मुंबईत आपल्या विभागाची सूत्रे हाती घेत होते त्याच वर्षी, १९२४ च्या जानेवारीत, मद्रास विद्यापीठाने शि. रा. रंगनाथन या गणिताच्या प्राध्यापकाला पहिला ग्रंथपाल नेमले. ग्रंथालयशास्त्राचा त्यांना गंध नव्हता. मुलाखतीपूर्वी ज्ञानकोशातला एक लेख वाचून ते गेले, असे सांगतात. नेमणूक तर झाली. पण आठवड्याभरातच ते कंटाळले. शांतता, एकांत, येणार जाणार कोणी नाही! वर्गात मुलांपुढे उभे राहण्याची सवय असलेल्या माणसाला ती स्मशानशांतता सोसेना. मला परत घ्या, म्हणून ते आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे गेले. ठरले असे, की आधी विलायतेला जाऊन ही विद्या शिकून यावे आणि तरीही मन रमले नाही, तर जुनी जागा आहेच.

ते गेले, शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. एका दुकानात मेकॅनो खेळण्याचे तेच ते तुकडे निरनिराळे जोडून निरनिराळ्या वस्तू होताना पाहिल्या, आणि त्यातून त्यांना आपल्या द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना सुचली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मला मात्र त्यांनी परत आल्यावर केलेले साधे काम अधिक मोठे वाटते. त्यांनी कपाटे उघडली. वाचकाने स्वतः मांडणीपाशी जावे, हाताने पुस्तक काढावे, चाळावे, नको तर ठेवावे, आणि शोधताना शेजारचे दुसरेच पुस्तक हाती लागावे, ही मुक्तद्वार पद्धत त्यांनी रुजवली. दार उघडे ठेवण्याचे तास वाढवले. पुस्तक कसे शोधावे हे सांगणारा माणूस वाचकाजवळ उभा केला. आणि ज्या माणसाला आठवड्यात कंटाळा आला होता, तो तिथे एकवीस वर्षे राहिला.

१९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे पुस्तकरूपाने मांडली. पहिल्याच सूत्राचा आशय असा की पुस्तक वापरण्यासाठी असते. वाचणाऱ्याला वाटेल, यात शोध कसला? हे तर पोरालाही कळते. पण युरोपातल्या मध्ययुगीन मठांत पुस्तकांना साखळदंड घालीत, आणि आपल्याकडे साखळीच्या जागी कुलूप आणि कुलपाच्या जागी चिठ्ठी आली, एवढाच फरक. पोरालाही कळणारी गोष्ट विद्यापीठाला कळायला शतके लागली, हेच त्या सूत्राचे महत्त्व. पाचव्या सूत्रात त्यांनी ग्रंथालयाला वाढत्या सजीव शरीराची उपमा दिली. ही उपमा समारंभात सगळे घेतात, आणि तिचा अर्थ पुस्तके वाढली असा लावतात. शरीर लहानपणी आकाराने वाढते. प्रौढपणी जुन्या पेशी जाऊन नव्या येतात, ही वाढही रंगनाथनांनी सांगितलेली आहे. नुसता घेर वाढला तर वैद्य त्याला सूज म्हणतात. स्मरणिकेतल्या तक्त्यांपैकी किती तक्ते वाढीचे आणि किती सुजेचे, हे एकदा कोणीतरी नाडी पाहून सांगायला हवे.

मद्रासच्या ग्रंथालयाला स्वतःची इमारत मिळाली १९३६ साली. ही बाब मला मोठी अर्थपूर्ण वाटते. तिथे आधी वाचक आला आणि मग भिंती. आपल्याकडे क्रम उलटा. मुंबईचा क्रम चुकीचाच, असे कोणी म्हटले तर मी तंडणार आहे. प्रेमचंदांनी तेव्हा पैसे दिले नसते, तर वर्षभराने द्यायला त्यांच्याजवळ उरले नसते आणि आज ना टॉवर असता ना दालन. दात्याने पात्र दिले. पात्रात काय वाढायचे, ते ठरवणे दात्याचे काम नव्हते. दोष असला तर भूषण मिळाल्यावर भांडाराची फिकीर न करणाऱ्यांचा. रंगनाथनांनीही पुढे आपल्या आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले, पत्नी शारदा यांच्या नावाने. पण त्यातून मनोरा नव्हे, ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन उभे राहिले. दोन्ही देणग्यांना घरच्या बायकांची नावे आहेत, दोन्हींत प्रेम आहे. एक दुरून दिसते, दुसरे दिसत नाही.

पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले. पहिले कुलगुरू मु. रा. जयकर, आणि आज तिथल्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. शिकवणाऱ्या विद्यापीठाबरोबरच ते ग्रंथालय वाढले, म्हणून त्याला मुंबईसारखी चाळीस वर्षे घरच्या वाचकाची वाट पाहावी लागली नाही. मुंबईतही पुढे विद्यापीठाचा संसार कालिन्याला पसरला, तिथे जवाहरलाल नेहरूंच्या नावाचे ग्रंथालय झाले, आणि फोर्टातले दालन जुन्या वाड्यातल्या माजघरासारखे झाले. २०१५ साली टॉवरचे आणि ग्रंथालयाचे जीर्णोद्धाराचे काम पुरे झाले, काचा पुन्हा झळकल्या. २०१८ साली तो सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. आनंद आहे. माझ्यातला टीकाकार एवढेच विचारतो, की वारसा म्हणून पाहायला येणारे आणि वाचायला येणारे यांची नोंद वेगवेगळ्या वहीत ठेवता येईल काय?

कारण आता वाचकाचीही जात बदलली आहे. माझी भाची स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करते. परवा ती फराळाला आली होती. रोज सकाळी सातला एका ग्रंथालयाच्या दारात रांगेत उभी राहते म्हणाली. कोणत्या, ते सांगत नाही. मला भरून आले. मी म्हटले, “बघ, मद्रासच्या त्या माणसाचे स्वप्न खरे झाले! कोणती पुस्तके काढतेस?”

ती चकलीचा तुकडा मोडत म्हणाली, “मामा, पुस्तके माझीच नेते मी. तिथे पंखा आहे ना, आणि कोणी बोलत नाही.”

“आणि तिथली पुस्तके?”

“आहेत की. आमच्या पाठीमागेच कपाटे आहेत.”

“कुलूप असते?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मी कधी ओढून नाही पाहिले.”

भाऊबीज झाल्यावर तिच्याबरोबर एकदा सकाळी सातच्या रांगेत उभे राहायचे मी कबूल करून घेतले आहे. मधला डबा तिने आणायचा, आणि कपाट मी ओढून पाहायचे.