वगळलेली पाने

ॲन फ्रँकच्या रोजनिशीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण बहुधा युद्धाचा दस्तऐवज म्हणून. नाझींचे क्रौर्य विसरता कामा नये हे खरेच. तथापि त्या करुणेच्या छायेत तेरा ते पंधरा या वयातील एक मुलगी दिसेनाशी होते, अशी आमची तक्रार आहे. ती आधी आम्ही स्वतःविरुद्धच नोंदवली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका मातेने वाचनालयातील ही प्रत आमच्या मेजावर आणून ठेवली. मुलीने आईविषयी असे लिहावे आणि आपल्या लेकींनी ते वाचावे, हे तिला रुचले नव्हते. आम्ही वाद न घालता प्रत कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

असे करणारे आम्ही पहिले नव्हे. १९४७ साली रोजनिशी प्रथम प्रसिद्ध झाली तेव्हा ॲनचे वडील ओटो फ्रँक यांनी आईवरील काही कठोर उद्गार आणि शरीरातील बदलांविषयीचा काही मजकूर गाळला होता. मिरयम प्रेसलर यांच्या १९९१ च्या आवृत्तीत त्यातील बराच भाग परतला. पण ओटोंना केवळ कात्री चालवणारा पिता ठरवणे अन्यायाचे होईल. १९४४ च्या वसंतात ॲन आपली रोजनिशी प्रकाशनासाठी पुन्हा लिहू लागली, तेव्हा पीटरविषयीच्या ओढीचा बराच मजकूर तिने स्वतःच सोडून दिला होता. तो पित्याने परत घेतला. मुलीचे प्रेम झाकले नाही, आईवरचा राग मात्र झाकला. या निवडीवर आमच्या कुटुंबांनी विचार करावा; आपल्याकडे सहसा याच्या उलट घडते.

पीटर तिच्याहून अडीच वर्षांनी मोठा. एप्रिलमध्ये पहिले चुंबन झाले. माळ्यावर वारंवार जाऊ नकोस, असे वडिलांनी सुचवले, तेव्हा तिने त्यांना पत्र लिहिले: आपण आता कोणाच्या आधारावाचून उभ्या आहोत, आपल्याला लहान समजू नये. पिता दुखावला. ७ मेच्या नोंदीत ॲन आपला अहंकार कबूल करते. प्रायश्चित्त संस्काराची तयारी करणाऱ्यास आम्ही जे शिकवतो, ते सदसद्विवेकाचे परीक्षण येथे एका यहुदी मुलीने कोणीही न सांगता केले आहे. पुढे जुलैमध्ये तर ती आणखी खोल उतरते. पीटरचा दुबळेपणा तिला दिसतोच. शिवाय त्याला आपणच ओढून घेतले आणि जवळीक हे साधन वापरण्यात चूक झाली, हेही ती लिहिते. आईविषयीची जुनी पाने चाळून लाज वाटल्याचे तिने त्याआधीच, २ जानेवारीला, नमूद केले होते. म्हणजे जी पाने वाचून ती माता अस्वस्थ झाली, त्यांचा पहिला कठोर टीकाकार ॲनच होती! आम्ही पुस्तक कुलपात टाकताना इथवर वाचलेच नव्हते.

पुस्तकाच्या मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. पंचवीस महिने बंद घरात काढणाऱ्या ॲनपुढे एकच मुलगा होता, आणि तो सौम्य होता. आमच्या मुलींच्या हातात मोबाइल आहे. छायाचित्र मागणारा, नकार मिळताच वर्गात बदनामी करणारा मुलगा या रोजनिशीत भेटत नाही. मैत्रिणींनी वाळीत टाकू नये म्हणून हो म्हणणारी मुलगीही नाही. नकार कसा द्यावा, हे ॲनकडून शिकता येणार नाही. मात्र स्वतःशी खोटे न बोलता मनातले मांडावे कसे, हे येथे शिकता येते, आणि आमच्या अनुभवात अडचणीत सापडलेल्या मुलीजवळ नेमके तेवढेच नसते: शब्द, आणि ते ऐकून न भडकणारे माणूस.

प्रत आता पुन्हा फळीवर आहे. मे महिन्यातील मुलींच्या शिबिरात पित्याला लिहिलेल्या पत्राचा प्रसंग वाचायला घेऊ. पालकांनीही बसावे, विशेषतः वडिलांनी. मागील खेपेस ते दोघेच आले होते, आणि दोघेही दाराजवळ उभे राहिले.